कोळंबीच्या कवचातून पेशीच्या केंद्रकात

निफाड, दिंडोरी, चांदवड भागातल्या द्राक्षबागायतदाराला कायटोसॅन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मण्यांत पाणी उतरलंय, काढणी तोंडावर आलीये आणि रेसिड्यूच्या, म्हणजे मण्यांत औषधाचा अंश उरण्याच्या धास्तीने रासायनिक बुरशीनाशकाला हात लावता येत नाही, अशा दिवसांत भुरी आटोक्यात ठेवायला तो कायटोसॅनची फवारणी घेतो. कृषी केंद्रात मिळणारं हे द्रावण बहुतेक वेळा कोळंबीच्या नाहीतर खेकड्याच्या कवचापासून केलेलं असतं. याच पदार्थात थोडे रासायनिक फेरफार करून माणसाच्या पेशीत जनुक पोचवता येईल का, यावर १९९५च्या सुमारापासून जगभर काम चालू आहे. ते काम नेमकं काय आहे, कुठे अडलंय आणि आपल्याला त्याच्याशी काय देणंघेणं, हे या लेखात सांगायचं आहे.

एक गैरसमज आधीच दूर करते. फवारणीतलं कायटोसॅन द्राक्षाच्या जनुकांना हात लावत नाही, कारण त्यात कुठलंही जनुक भरलेलं नसतं. बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं आणि कायटोसॅन हे त्याचंच भावंड. त्यामुळे ते पानावर पडलं की वेलीला वाटतं बुरशी आली, आणि ती स्वतःची संरक्षण यंत्रणा जागी करते. जनुकाचा वाहक म्हणून कायटोसॅन वापरायचं तर त्याला मुद्दाम डीएनए किंवा आरएनए बांधावा लागतो, आणि तिथून पुढे खरी कसरत सुरू होते.

उघडं जनुक आत का जात नाही

जनुक म्हणजे डीएनएचा एक तुकडा. पेशीतलं एखादं जनुक बिघडलं असेल तर चांगलं जनुक आत सोडावं, हा विचार सरळ आहे. अडचण विजेच्या भाराची आहे. डीएनएच्या कण्यात प्रत्येक टप्प्यावर फॉस्फेटचा गट असतो आणि त्यावर ऋणभार असतो. पेशीच्या बाहेरच्या पटलावरही ऋणभारच असतो. दोघं एकमेकांना दूर ढकलतात. शिवाय रक्तात डीएनए कापणारी विकरं कायम फिरत असतात, त्यामुळे शिरेतून दिलेल्या उघड्या डीएनएचे काही मिनिटांत तुकडे होतात.

या अडचणीवरची तीन वेगवेगळी उत्तरं कोरोनाच्या साथीत भारतातच वापरली गेली. पुण्याच्या सीरमने बनवलेल्या कोव्हिशिल्डमध्ये चिंपांझीचा अ‍ॅडिनोव्हायरस होता. वाढण्याची क्षमता काढून घेतलेला हा विषाणू जनुक आत नेऊन सोडायचा. पुण्याच्याच जेनोव्हाच्या जेमकोव्हॅकमध्ये एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा रेणू होता आणि तो स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म कणांवर, म्हणजे नॅनोकणांवर बसवलेला होता. अहमदाबादच्या झायडसची झायकोव्ह-डी मात्र उघड्या डीएनएची लस होती. ऑगस्ट २०२१ मध्ये तिला आपत्कालीन मंजुरी मिळाली आणि माणसासाठी मंजूर झालेली ती जगातली पहिली डीएनए लस ठरली. तिला वाहकच नव्हता. सुईविना चालणाऱ्या यंत्राने द्रावणाची जोरदार झोत त्वचेत मारली जायची आणि त्यातून काही पेशींत डीएनए शिरायचा. लसीला एवढं पुरतं, कारण थोड्या पेशींनी प्रथिन बनवलं तरी प्रतिकारशक्तीला ओळख पटते. आजार बरा करायचा असेल तर पुष्कळ पेशींपर्यंत, आणि नेमक्या पेशींपर्यंत, जनुक जावं लागतं.

विषाणू या कामात सर्वांत तरबेज आहेत, यात वाद नाही. पण शरीर त्यांना ओळखतं. १९९९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीत जेसी गेलसिंगर हा १८ वर्षांचा मुलगा अ‍ॅडिनोव्हायरसचा डोस दिल्यानंतर चार दिवसांत दगावला. त्याच्या शरीराने विषाणूविरुद्ध प्रचंड प्रतिक्रिया दिली होती. त्या एका मृत्यूने हे सगळं संशोधन कित्येक वर्षं मागे गेलं. आज जास्त वापरला जाणारा एएव्ही हा विषाणू त्या मानाने सौम्य आहे, पण त्यात डीएनएच्या जेमतेम ४,७०० अक्षरांचं जनुक मावतं. मुलांचे स्नायू झिजवणाऱ्या डुशेन आजारात जे जनुक बिघडतं, त्याचा प्रथिन बनवणारा भागच ११,००० अक्षरांहून मोठा आहे. शिवाय एकदा डोस दिला की शरीर प्रतिपिंडं तयार करतं, त्यामुळे दुसरा डोस सहसा देता येत नाही. स्निग्ध नॅनोकणांची अडचण वेगळी. शिरेतून दिले की त्यांचा मोठा हिस्सा यकृतात जाऊन बसतो.

पॉलिमर, म्हणजे लहान रेणू एकापुढे एक जोडून झालेल्या लांब साखळ्या, इथे उपयोगी पडू शकतात. त्यावर धनभार असेल तर ऋणभाराचा डीएनए आपोआप चिकटतो. जनुक किती मोठं असावं यावर फारसं बंधन नाही, डोस पुन्हा देता येण्याची शक्यता आहे आणि कोरड्या भुकटीच्या रूपात साठवणही शक्य आहे. १९९५ मध्ये पॉलिइथिलिनइमाइन, थोडक्यात पीईआय, हा कृत्रिम पॉलिमर पुढे आला. प्रयोगशाळेतल्या पेशींत तो जनुक फार छान पोचवतो. पण तो शरीरात विघटन पावत नाही आणि पेशींना मारतो. म्हणून नजर वळली ती शरीराला पचवता येतील अशा, निसर्गानेच बनवलेल्या साखळ्यांकडे.

शिळ्या उसातला चिकटा

यातली सर्वांत जुनी गोष्ट कोळंबीची नाही, साखरेची आहे. गळीत हंगामात तोडलेला ऊस वेळेवर गाडीत भरला गेला नाही, दोन-तीन दिवस फडातच पडून राहिला, की त्याचा रस चिकट होतो. कारखान्यात तो गाळणीतून उतरत नाही, साखरेचे दाणे नीट बसत नाहीत, सुईसारखे लांबट होतात आणि उतारा घसरतो. कादवा-गोदेच्या पट्ट्यात ऊस पिकवणाऱ्यांना हा त्रास ठाऊक आहे. ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू कापलेल्या टोकांतून उसात शिरतात आणि साखर खाऊन एक लांब साखळी बनवतात. तिचं नाव डेक्स्ट्रान. इडलीचं पीठ फुगवण्यात या जिवाणूंचा हात असतो हेही जाता जाता सांगते. वाइनला कधी कधी येणाऱ्या चिकट तारेमागे सूक्ष्मजीव आहेत हे लुई पाश्चरने १८६१ मध्ये दाखवलं, तीही हीच साखळी. म्हणजे ऊस आणि वाइन दोन्ही पिकवणाऱ्या नाशिक जिल्ह्याला डेक्स्ट्रान परका नाही.

डेक्स्ट्रान शरीराला चालतो. १९४०च्या दशकापासून तो रक्तातला द्रव भरून काढायला सलाइनसारखा वापरला गेला आहे. मात्र त्यावर कुठलाच भार नसतो, त्यामुळे डीएनए त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या साखळीवर जागोजागी नत्र असलेला एक गट, डायइथिलअमिनोइथिल, जोडला आणि साखळी धनभारित झाली. १९६५ मध्ये अँटी वाहेरी आणि जोसेफ पगानो यांनी ही बदललेली साखळी पोलिओ विषाणूच्या उघड्या आरएनएत मिसळून पेशींवर टाकली, आणि एरवी आत न शिरणारा आरएनए पुष्कळ जास्त प्रमाणात आत गेला. ही वाट तेव्हा दिसली. नैसर्गिक साखळी जशीच्या तशी कामाची नसते, तिच्यावर एक लहानसा गट बसवला की तिचं वागणं पालटतं, ही या सगळ्या क्षेत्राची मूळ कल्पना आहे आणि मला ती आजही फार सुंदर वाटते.

कायटोसॅनचा स्वभाव

डेक्स्ट्रानवर धनभार बाहेरून चिकटवावा लागतो. कायटोसॅनकडे तो मुळातच असतो. कोळंबी सोलल्यावर उरलेल्या टरफलांतला चुना आम्लाने काढतात, प्रथिनं सौम्य सोड्याने काढतात, आणि मग जे कायटिन उरतं ते कॉस्टिक सोड्याच्या कडक द्रावणात तापवतात. त्यात कायटिनवरचे अ‍ॅसिटिल गट गळून पडतात आणि उघडे अमाइन गट मागे राहतात. हा बदल १८५९ मध्ये शार्ल रुजे या फ्रेंच शास्त्रज्ञाने पहिल्यांदा पाहिला. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कोळंबीच्या कचऱ्यापासून हे पदार्थ बनवण्याच्या पद्धती विकसित केल्या आहेत.

वर्गात मी एक प्रयोग हमखास दाखवते, कारण पुढची सगळी गुंतागुंत त्यात दिसते. कायटोसॅनची कोरडी भुकटी साध्या पाण्यात टाकली तर तळाशी वाळूसारखी बसून राहते, कितीही ढवळा. त्यात थोडं व्हिनेगर घातलं की कण फुगायला लागतात, कडा पारदर्शक होतात आणि ढवळत राहिलं की हळूहळू पातळ खळीसारखं घट्टसर, स्वच्छ द्रावण तयार होतं. आता त्यात खाण्याच्या सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडायचं. बुडबुडे येतात, आणि थोड्या वेळाने द्रावणात पांढुरके तंतू लोंबायला लागतात. विरघळलेलं कायटोसॅन पुन्हा बाहेर पडलेलं असतं.

हा सामूचा, म्हणजे पीएचचा खेळ आहे. फवारणीच्या पाण्याचा सामू तपासणारे शेतकरी तो चटकन पकडतील. सामू कमी, म्हणजे द्रावण आंबट, असताना कायटोसॅनचे अमाइन गट पाण्यातला प्रोटॉन घेतात आणि धनभारित होतात. सामू ६.५च्या आसपास साधारण निम्मे गट भारित असतात. रक्ताचा सामू आहे ७.४. ढोबळ हिशोबाने तिथे दहातला एखादाच गट भारित उरतो. म्हणजे बाटलीत डीएनएला घट्ट धरून बसलेलं कायटोसॅन रक्तात उतरताच पकड सैल करतं आणि त्याचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या व्हायला लागतात. ज्या गुणामुळे हा पदार्थ निवडला, नेमक्या त्याच गुणाने घात होतो.

म्हणून पहिला फेरफार. अमाइनवर मिथिल गट चढवून ट्रायमिथिल कायटोसॅन बनवतात. त्याचा धनभार कायमचा असतो, सामू काहीही असो. डीएनएची पकड रक्तातही टिकते. पण कायमचा धनभार पेशीच्या पटलालाही झोंबतो आणि लाल रक्तपेशी फुटू शकतात. त्यामुळे सगळ्या गटांवर मिथिल न चढवता काहींवरच चढवायचं. किती, हे ठरवण्यात माणसांची वर्षं जातात.

बांधणी करताना डीएनएच्या द्रावणात कायटोसॅनचं द्रावण मोजून मिसळतात. स्वच्छ पाण्याला क्षणात फिकट निळसर, दुधाळ झाक येते. कण तयार झाल्याची ती खूण. चांगला कण साधारण १०० ते २०० नॅनोमीटरचा असतो, केसाच्या जाडीच्या पाचशेव्या भागाच्या आसपास.

आत गेल्यावर काय होतं

द्राक्षाची पेटी युरोपला पाठवताना ती वाटेत फुटू नये, माल चिरडू नये यासाठी पॅकहाऊसमध्ये जीव तोडून काम चालतं. तिकडे पोचल्यावर कोणीतरी पेटी उघडतं, म्हणून भागतं. जनुकाच्या वाहकाला उघडणारं तिकडे कोणी नाही. पेटीने प्रवासभर घट्ट बंद राहायचं आणि योग्य जागी स्वतःच उघडायचं, असा हा मामला आहे.

प्रवासही नीट पाहिला पाहिजे. धनभारित कण रक्तात पडला की रक्तातली ऋणभारित प्रथिनं त्याला वेढतात. ते टाळायला त्यावर पॉलिइथिलिन ग्लायकॉलचं आवरण चढवतात, पण ते आवरण कणाला पेशीपासूनही लपवतं. मग आवरणाच्या टोकाला एखादी ओळख बसवतात. यकृताच्या पेशींवर गॅलॅक्टोज ओळखणारे ग्राही असतात, म्हणून गॅलॅक्टोज जोडलेलं कायटोसॅन यकृताकडे ओढलं जातं. काही कर्करोगांच्या पेशी फोलेट जास्त खेचतात, तिथे फोलेट जोडतात.

पेशी कणाला पटलात गुंडाळून आत ओढते. आत तो एका पिशवीत अडकतो. त्या पिशवीला एंडोसोम म्हणतात. तिचा सामू घसरत घसरत ५ ते ५.५वर येतो आणि शेवटी ती पाचक विकरांच्या पिशवीला मिळते. तिथे पोचलं की जनुक गेलंच. म्हणजे त्याआधी पिशवी फोडून निसटायला हवं, आणि बहुतेक वाहक इथेच हरतात. आज सर्वांत यशस्वी मानल्या जाणाऱ्या स्निग्ध नॅनोकणांच्या बाबतीतही २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आत गेलेल्या आरएनएपैकी फक्त १ ते २ टक्के एंडोसोममधून निसटलेला दिसला होता. मला हा आकडा सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. शंभरातले अठ्ठ्याण्णव दारात जाऊनही वाया जातात.

पीईआय इथे वरचढ ठरतो, कारण तो पिशवीतले प्रोटॉन शोषत राहतो. त्यामागोमाग क्लोराइड आणि पाणी आत ओढलं जातं आणि पिशवी फुगून फुटते, असं मानतात. या खुलाशावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. कायटोसॅनची ही ताकद कमी पडते, म्हणून त्यावर हिस्टिडिनसारख्या अमिनो आम्लातला इमिडॅझोल गट जोडतात. तो सामू ६च्या आसपास प्रोटॉन घेतो, म्हणजे बरोबर हव्या त्या टप्प्यावर.

पिशवीतून सुटल्यावर कायटोसॅनने डीएनएला सोडलं पाहिजे. लांब साखळी डीएनएला इतकी जखडते की सोडतच नाही. आखूड साखळी लगेच सोडते, पण मग प्रवासातच सुटण्याचा धोका. साखळीची लांबी, अ‍ॅसिटिल किती काढलं त्याचं प्रमाण, आणि डीएनएच्या एका फॉस्फेटमागे किती अमाइन, हे तीन आकडे एकमेकांशी जुळवत बसणं हे या संशोधनातलं रोजचं काम आहे. डीएनएला पुढे केंद्रकातही शिरावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा पेशी विभागताना, केंद्रकाचं पटल विरघळतं तेव्हाच जमतं. आरएनएचं काम केंद्रकाबाहेरच होतं, म्हणून त्याचा एक अडथळा कमी.

बाकीच्या साखळ्यांबद्दल थोडक्यात. जिलेटिनवर जास्तीचे अमाइन गट चढवून ते धनभारित करतात. हायल्युरोनिक आम्ल स्वतः ऋणभारित, त्यामुळे ते बाहेरून आवरण म्हणून वापरतात. पिष्टमय पदार्थापासून मिळणारी सायक्लोडेक्स्ट्रिनची कडी मात्र मानाने वेगळी ठरली. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या मार्क डेव्हिस यांच्या गटाने ती धनभारित पॉलिमरमध्ये गुंफून त्यातून कर्करोगाच्या रुग्णांना छोटे आरएनए दिले. कण शिरेतून गेले, गाठीत पोचले आणि ज्या जनुकाचा निरोप (एमआरएनए) कापायचा होता तो अपेक्षित जागीच कापला गेला, याचा पुरावा २०१० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला. माणसात हे घडू शकतं हे त्याने दाखवलं. ते औषध पुढे बाजारात आलं नाही.

कायटोसॅनच्या बाबतीत आज सर्वांत पुढे गेलेलं काम कॅनडात सुरू झालेल्या एनजीन कंपनीचं आहे. त्यांनी आखूड साखळीच्या कायटोसॅनवर फेरफार करून त्यात डीएनए बांधला आणि तो मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मानवी चाचण्यांपर्यंत नेला. इथे औषध शिरेतून देत नाहीत, नळीने थेट मूत्राशयात सोडतात. म्हणजे रक्त नाही, रक्तातली प्रथिनं नाहीत, यकृत वाटेत नाही. शिवाय कायटोसॅन ओलसर आतल्या अस्तराला चांगलं चिकटतं. पदार्थाच्या मर्यादा मान्य करून त्याला साजेशी जागा शोधली, हे मला पटतं.

एक अडचण मात्र निसर्गातून येणाऱ्या प्रत्येक मालाला चुकत नाही. कोळंबीची जात, हंगाम, सोडा किती वेळ तापला, यावर साखळीची लांबी बदलते. फवारणीला ते चालून जातं. औषधाला प्रत्येक बॅच आधीच्या बॅचसारखीच लागते, आणि जिवाणूंच्या कवचातली विषं अगदी नगण्य उरावी लागतात. त्यामुळे कृषी केंद्रातली बाटली आणि औषधाच्या प्रतीचं कायटोसॅन यांच्या किमतीत आणि शुद्धतेत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आता सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांविषयी. या भागातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आढळतो. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं, आणि त्यापायी मूल आयुष्यभर वेदना सोसतं. जुलै २०२३ मध्ये केंद्राने २०४७पर्यंत या आजाराच्या उच्चाटनाचं अभियान सुरू केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत कॅसजेव्ही ही जनुक-संपादनाची उपचारपद्धती मंजूर झाली. तिची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. त्यात रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढतात, विजेचा झटका देऊन त्यांची पटलं क्षणभर उघडतात, आत बदल करतात, मग रुग्णाला तीव्र केमोथेरपी देऊन अस्थिमज्जा रिकामी करतात आणि पेशी परत घालतात. पेठच्या मुलाला हे परवडणारं नाही, आणि सोसणारंही नाही.

हेच संपादनाचं साहित्य इंजेक्शनने थेट अस्थिमज्जेत पोचवणारा वाहक मिळाला तर पेशी बाहेर काढणं आणि केमोथेरपी दोन्ही टळेल. स्निग्ध कण असोत की बदललेल्या नैसर्गिक साखळ्या, दोन्हीकडे त्यावर काम चालू आहे. पण कण यकृतात अडकतात, मज्जेतल्या मूळपेशी संख्येने फार थोड्या असतात आणि त्या बाहेरचं काही सहजासहजी आत घेत नाहीत. हा उपचार आपल्या जिल्हा रुग्णालयापर्यंत आजच्या घडीला आलेला नाही. आज हाताशी आहे ती तपासणी, फॉलिक अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया. जनुकोपचार येणार आहे असं कुणी सांगितलं म्हणून डॉक्टरांनी सुरू केलेली हायड्रॉक्सीयुरियाची गोळी मध्येच बंद करू नये.